चढाला वजन पुढं

परीक्षेचे दिवस आले की आमच्या घरामागच्या शाळेच्या भिंतीला मामा लगडतात. कुणाचा भाचा आत, कुणाची पुतणी आत, आणि बाहेर ही मिशावाली मंडळी पाण्याच्या बाटल्या घेऊन भिंतीवर चढायच्या बेतात. काल त्यातला एक चढता चढता मागच्या मागं उताणा पडला. पाठीला भलीमोठी सॅक होती त्याच्या. मी गच्चीवर कुरडया घालत होते, तिथूनच ओरडले, "अरे बाबा, ती पिशवी पोटावर घे! चढाला वजन पुढं लागतं!"

तो धुरळा झटकत म्हणाला, "आजी, तुमी कवा चढल्या हो भिंती?"

म्हटलं, "मी न्हाई चढले. माझी गाडी चढलीय."

त्याला वाटलं, उन्हानं म्हातारीचं डोकं फिरलं. वाटू दे. मार्च महिन्यात आमच्या पालीत ऊन असंच असतं, गच्चीवर अनवाणी गेलं की पाय आपोआप नाचतात. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, शाळेची घंटा, आणि घंटेनंतर एकदम पडणारी ती शांतता. ही शांतता कानावर आली की मला गेलं वर्ष आठवतं. गेल्या वर्षीची मीसुद्धा माझ्यापेक्षा वयानं लहानच की. आणि अकलेनं तर फारच लहान.

करुणा माझी एकुलती एक लेक. बीडला एका मेडिकलच्या दुकानात काम करते, सकाळच्या बसनं जाते, दिवेलागणीला परत येते. नवऱ्याचं घर सोडून ती माझ्याकडं आली तेव्हा तिचा मुलगा सुमेध तिकडं संभाजीनगरला बापाजवळ राहिला. शाळा तिकडची, मित्र तिकडचे. कोर्टानं ठरवून दिलं, उन्हाळ्याची निम्मी सुट्टी आईकडं. गेल्या वर्षीची ती पहिलीच सुट्टी. तो नववीत होता. फोनवर म्हणायचा, "पेपर संपले की येतो, मम्मी." झालं. त्याचे पेपर तिकडं, आणि जीव टांगलेला आमचा इकडं.

एक दिवस करुणानं बसमधून एक खोकं आणलं. त्यात गाडी होती म्हणावं तर गाडी नव्हतीच, नुसते सुटे भाग होते. लोखंडी कणा, दोन आस, चार रबरी चाकं, मुठीत मावतील एवढे शॉकअप, आणि चिमटीतून निसटणारे स्क्रू. सुमेध लहान असताना मोबाईलवर हेच बघत बसायचा म्हणे, दगडांवरून चढणारे रिमोटचे ट्रक. त्यांना क्रॉलर म्हणतात. मी विचारलं, "पळते किती?"

"पळत न्हाई, आई. रांगते."

"मंग विकत कावून घेतली? रांगणारी काय, मी हायच की घरात."

करुणा हसली नाही. तिला हसवणं त्या दिवसांत मला जमत नव्हतं. ती रोज संध्याकाळी चहा झाला की ओसरीत चवड्यावर बसायची आणि जुळवाजुळव करायची. गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत स्क्रू आकारानं वेगळे केलेले. शॉकअपात तेल घालायचं ते इंजेक्शनच्या सिरिंजनं, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून पिस्टन हळूहळू वरखाली करत. औषध भरावं तसं. मधेच फोन वाजला की तेलकट बोट पदराला पुसून बघायची. बहुतेक वेळा दुकानाच्या मालकाचा असायचा.

पहिल्या रविवारी आम्ही गाडी तलावावर नेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बिंदुसरेच्या काठचे खडक उघडे पडतात, म्हशी बसल्यासारखे. निघायच्या आधी बॅटरी कुठं बसवायची यावर आमचा वाद झाला. करुणा म्हणाली, "व्हिडिओत पुढं बसवतेत." मी म्हटलं, "व्हिडिओवाल्यानं कवा बैलगाडी भरलीय का? ओढणाऱ्याच्या मानेवर भार टाकायचा नस्तो. बॅटरी मागं घे."

आता इथं माझी जुनी ओळख सांगायला हवी. लग्नानंतर काही वर्षं मी आणि मालक, म्हणजे करुणाचे वडील, ऊसतोडीला जायचो. तेव्हाची मी म्हणजे एक नंबरची तोरेबाज पोरगी. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून टायरगाडीवर चढताना असा ठुमका मारायची, जणू कारखान्याचं उद्घाटन हिच्याच हस्ते आहे. पण गाडी भरावी तर तिनंच. बैलाच्या मानेवर ओझं येऊ नये म्हणून मोळ्या आसाच्या जरा मागं लावायची. टोळीतली माणसं म्हणायची, वहिनीनं भरलेल्या गाडीचा बैल संध्याकाळी मान घासत नाही. ते ऐकून ही बया फुगायची. तिला वाटायचं, जगातलं सगळं वजन आपल्याला कळलं.

तर त्या अनुभवाच्या जोरावर बॅटरी मागं गेली. करुणानं ऐकलं, कारण आईला वजनातलं कळतं अशी तिची लहानपणापासून समजूत. गाडी खडकाला भिडली, पुढची दोन चाकं वर चढली, क्षणभर थांबली आणि नाक आभाळाकडं करून मागच्या मागं आपटली. परत लावली, परत आपटली. उलथलेल्या किड्यासारखी चाकं हवेत फिरवत पडायची.

शेळ्या घेऊन एक ओळखीची बाई चालली होती. थांबून म्हणाली, "काय हो आजी, दुसरं बाळपण आलं का?"

"पहिलं कवा आलतं, बाई?" मी म्हटलं.

करुणा तोवर खडकाजवळ जाऊन गाडी सरळ करत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "उलार झालीय ग, आई."

उलार. गाडीचा भार मागं गेला की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याचे पट्टे आवळतात, त्याला आमच्यात उलार म्हणतात. हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला, आणि तोही औषधं विकणाऱ्या पोरीच्या तोंडून. आणि मला घाट आठवला. मांजरसुंब्याचा चढ आला की मालक गाडीखाली उतरून ओरडायचे, "पुढं सर ग! आनखी पुढं! धुऱ्यावर बस!" मी सरकत सरकत अगदी बैलांच्या शेपट्यांपर्यंत जाऊन बसायची. मान खाली, गाल लाल. चांदणं असलं तर विचारूच नका. त्या वेड्या पोरीला वाटायचं, मालकाला आपण जवळ हव्या आहोत. टोळीतल्या बायांना सांगायची सुद्धा, "ह्यांना करमत न्हाई मी मागं बसले की."

त्यांना माझं वजन हवं होतं! चढाला गाडी उलार होऊ नये म्हणून पुढं एक जिवंत दगड ठेवायचा, तो मी. सपाट रस्ता लागला की तेच म्हणायचे, "उतर खाली, बैल थकले." आणि मी उतरून चालायची. हे माझ्या डोक्यात उजाडायला त्या रविवारचा खडक आणि बॅटरीवरची हातभर गाडी लागली. मालक असते तर विचारलं असतं. पण ते विचारायच्या पलीकडं जाऊन बसलेत, आणि तिथंही बहुधा मागंच बसले असतील, आरामात.

मी खडकावर बसून एवढी हसले की करुणाला शंका आली. सांगितलं तिला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला तर सपाटीला बी कुणी उतर म्हणलं न्हाई, आई. चढच संपला न्हाई." मग तिनं बॅटरी काढून पुढच्या आसावर बांधली.

त्यानंतर आम्ही दोघी झपाटल्यासारख्या त्या गाडीमागं लागलो. वजन पुढं आणि वजन खाली, एवढंच गणित, पण त्यासाठी काय काय उचकटावं लागलं! करुणानं हौसेनं टपावर कॅरिअर बसवला होता. त्यावर चिमुकलं जादा चाक, रॉकेलच्या डब्यासारखे दोन लाल डबे, कुऱ्हाड, चार दिवे. सुमेधला असला डौल आवडतो म्हणे. पण वर एवढा संसार घेऊन गाडी जरा कलली की कलंडायची. मी म्हटलं, "काढ ते सगळं." तिनं एकेक स्क्रू काढला. लाल डबे मात्र किती वेळ तळहातावर घेऊन बसली. "एक ठिवू का?" म्हणाली. मी नाही म्हटलं. आता वाटतं, ठेवू द्यायला हवा होता. एका डब्यानं काय कलंडणार होतं? पण गेल्या वर्षीच्या त्या म्हातारीला गाडी चढवायचीच होती.

चाकं हलकी पडत होती. मग मी हायवेवरच्या टायरच्या दुकानात गेले. मोटारींच्या चाकांना तोल साधायला वजनाच्या चिकटपट्ट्या लावतात, त्या मागायला. दुकानदार म्हणाला, "कोणती गाडी, मावशी?"

"जुनी हाय, बाबा. बॉडी गेली, इंजिन चालू."

"आणा की हिकडं, मशीनवर लावू."

"तीच उभी हाय तुज्यासमोर."

तो इतका हसला की उरलेल्या पट्ट्यांचा पुडा तसाच हातात दिला. त्या पट्ट्या आम्ही पुढच्या दोन चाकांच्या पोटात गोल फिरवून चिकटवल्या, मागच्या चाकांत काही नाही. टायरातला स्पंज कडक होता, तो मी विळीवर कातरून बारीक केला, म्हणजे दाबलं की रबर दगडाला धरेल. शॉकअपच्या स्प्रिंगा बदलून मऊ घातल्या. मग पाटावर गाडी आडवी उभी करून पाटाची एक कड हळूहळू उचलायची, कुठपर्यंत उभी राहते ते बघायचं. कलंडली की करुणा तिला हवेतच झेलायची. तान्हं पोर पलंगावरून पडताना आई झेलते ना, अगदी तसं, न बघता.

अशाच एका संध्याकाळी पाट उचलता उचलता मी तिला म्हटलं, "तुझं स्थळ बघाय गेलते तवा मी काय बघितलं म्हाईत हाय का?"

"काय?"

"जावईबापूंच्या मोटारीचे टायर. नवे कोरे. हात लावून बघितला, कातडं कसं टणक, नक्षी कशी खोल. आन् पोरगी दिली."

चाळिशीतली मी. अंगणवाडीची बाई, गावात मान, लोकांच्या पोरांची वजनं महिन्याच्या महिन्याला काट्यावर घेणारी. स्वतःच्या पोरीचा नवरा तोलायची वेळ आली तेव्हा काटा घरी ठेवून गेली होती. मोटारीत बसवून त्यांनी मला तालुक्याला चक्कर मारून आणली, एसी लावला, आणि ही शहाणी दोन दिवस गावात सांगत फिरली की मोटारीत घाम येत नाही.

करुणा पाटाकडंच बघत होती. म्हणाली, "टायर चांगलेच होते, आई. अजून चालतेत."

पाट त्या दिवशी खूप वरपर्यंत गेला. गाडी कलंडली नाही.

मग जयंती आली, गावात निळ्या पताका लागल्या, वर्गणीची पोरं येऊन गेली, आणि सुमेधचे पेपर संपले. तलावाकाठचा तो म्हशीसारखा खडक आता गाडी तळापासून माथ्यापर्यंत चढत होती. मुंगीच्या चालीनं, एक चाक चाचपत, दुसरं रोवत. तिकडं न्यायचं, त्याच्या हातात रिमोट द्यायचा आणि आपण लांब बसायचं, असं करुणानं ठरवलं होतं. दुकानातून रजा घेतली. माळ्यावरची गादी उन्हात घातली, धपाट्याचं पीठ दळून आणलं. तो यायच्या दिवशी सकाळपासून फाटकाशी तिच्या इतक्या चकरा झाल्या की कोंबड्यांनी तिला वाट द्यायचं सोडून दिलं.

मोटार दुपारी आली. फाटकाबाहेर थांबली, पण बंद झाली नाही. काच बोटभर खाली आली, आतून आवाज आला, "जयभीम, आई." जावईबापूंचा. म्हटलं, जयभीम. काच वर गेली.

सुमेध उतरला. आईपेक्षा उंच झालेला. हातात पिशवी नव्हती. करुणानं आधी त्याच्या हाताकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं. तो म्हणाला, "मम्मी, दहावीची उन्हाळी बॅच उद्यापासूनच सुरू होतीये. पप्पा म्हणाले, भेटून येऊ. दिवाळीत राहीन ना."

"जेवून तरी जाशील?"

"रस्त्यात खाल्लं."

तिनं पाण्याचा तांब्या दिला. तो पाणी प्यायला आणि तिघंही उभेच राहिलो. माझ्या अंगात मग वारं शिरलं. घरात जाऊन मी गाडी खाली ठेवली, रिमोट घेतला आणि उंबऱ्यावरून ती बाहेर काढली. पायरीजवळ बांधकामाचे उरलेले दगड होते. त्या ढिगावरून नेली, वरून उतरवली, आणि थेट त्याच्या बुटाला नाक लावून थांबवली.

पोराचा चेहरा असा बदलला म्हणता! मोठेपणाचं सगळं सोंग गळालं. मटकन खाली बसला. "क्रॉलर? हे कुणी केलं? मम्मी, तू?" गाडी उलटी करून बघायला लागला. "बॅटरी पुढं घेतलीस! चाकांत वजन पण टाकलंय! तुला कुणी शिकवलं?"

"आजीनं," करुणा म्हणाली. "आदी चुकीचं शिकवलं, मंग बरोबर."

तो हसला. आणि करुणाही हसली, किती महिन्यांनी! तिचा हात त्याच्या केसांपर्यंत गेला होता, तेवढ्यात हॉर्न वाजला. एकदा. मग जरा लांब.

"घिऊन जा," ती म्हणाली. "तुज्यासाठीच हाय."

त्यानं गाडी छातीशी धरली, माझ्या पाया पडायला वाकला, तिच्या खांद्याला खांदा लावला न लावला, आणि गेला. डिकी उघडली, बंद झाली. मोटार वळली.

रिमोट माझ्या हातात होता. पदराखाली.

विसरले म्हणू? कुणी विश्वास ठेवायचा? वाकला तेव्हाच मी तो पदराखाली घेतला होता, आणि करुणानं ते बघितलं होतं. मोटार वळणापलीकडं जाईपर्यंत मी आतल्या आत बटण दाबत उभी होते. डिकीत चाकं फिरत असतील, असं मनात. करुणा म्हणाली, "बंद कर, आई. बॅटरी उतरंल त्याची."

संध्याकाळी फोन आला. स्पीकरवर घेतला. "आजी, रिमोट राहिला तिकडं!"

"हाय की हितंच. ये न्यायला."

"कुरिअर करा ना."

"आमच्या गावात कुरिअर येत न्हाई, बाळा."

गाडीच्या मऊ स्प्रिंगा कुरिअरनंच दारात आल्या होत्या. करुणा भाकरी थापत होती. परातीवरचा तिचा हात जरा जोरात पडायला लागला, खुशीत पडतो तसा. दुसऱ्या दिवशी गुंडाळून ठेवलेली गादी तिनं परत उन्हात घातली. मी रिमोट पुसून भिंतीतल्या देवळीत ठेवला, दारातून येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल असा. काय माझा तोरा त्या दिवशी! साखर कारखाना जिंकल्यासारखी घरभर फिरत होते. म्हटलं, आता येतोय कसा नाही बघू. सहज सुटेल अशी गाठ मारली नव्हती मी.

आठवडाभरात व्हिडिओ आला. त्याच्या बापानं नवा रिमोट आणून जोडून दिला होता. खाली लिहिलं होतं, 'थँक्यू मम्मी, थँक्यू आजी, मस्त बॅलन्स आहे.'

त्यांच्या बिल्डिंगच्या पायऱ्या आहेत व्हिडिओत. गाडी एक चढते, दुसरी चढते, नाक वर जातं पण मागं पडत नाही. मागून पुरुषाचा आवाज येतो, "हळू, हळू, शाब्बास." सुमेध दिसत नाही. कडेला नुसते त्याचे बूट.

दिवाळीत तो आला नाही, क्लासची परीक्षा होती. आमचा रिमोट देवळीतच आहे. आतले सेल मी काढून टाकले, गळले तर देवळी खराब व्हायची. यंदा त्याची दहावी. फोन बापानं काढून घेतलाय, पेपर संपेपर्यंत मिळणार नाही म्हणे, तेव्हा तिकडून हूं की चूं नाही. सकाळी घंटा होते, मामालोक भिंतीला लागतात, आणि करुणा बसला जायच्या आधी गच्चीवर येऊन उगाच शाळेकडं बघते. ह्या शाळेत तिचं कुणी नाही.

काल भिंतीवरून पडलेल्या त्या माणसाची गंमत मी तिला संध्याकाळी सांगितली. हसवायलाच सांगितली होती. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि मोबाईल काढून तोच व्हिडिओ लावला. मी चष्मा लावून शेजारी बसले.

"डावं पुढचं चाक बघ," ती म्हणाली. "अजून उचलतंय. आनखी एक पट्टी लावाय पायजे होती आपून."

माझी नजर चाकावर नव्हतीच. म्हटलं, "बूट बघ की ग. नवे दिसतेत. हितं आलता तवाच्यापेक्षा मोठे हायत."

तिनं व्हिडिओ मागं नेला, थांबवला, दोन बोटांनी बूट मोठे केले. किती वेळ बघत राहिली.

"गेल्या वर्षीचा हाय हा, आई," ती म्हणाली. "हे बी आता बसत नसतील त्याला."